न पाहिलेल्याची साक्ष

इ.स. १६५१ मध्ये जेरेमाया शेकर्ली नावाच्या इंग्रज ज्योतिर्विदाने सुरतेहून सूर्यबिंबावरून सरकणारा बुधाचा काळा ठिपका पाहिला. बुध बिंबावर केव्हा आला व केव्हा बाहेर पडला, ह्या वेळा मात्र त्याला टिपता आल्या नाहीत. त्या जागी अंदाजाचे आकडे घातले असते तर नोंद पूर्ण दिसली असती. पण ती साक्ष राहिली नसती.

आज हाच प्रश्न नव्या रूपात उभा आहे. जुन्नर तालुक्यातील खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या मिळून एका प्रचंड रेडिओ दुर्बिणीचे काम करतात. तबकड्यांच्या मधल्या जागा रिकाम्या, म्हणून अशा दुर्बिणींना मिळणारी माहितीही तुटक असते. ती सांधण्यासाठी शास्त्रज्ञ आता ‘न्यूरल नेटवर्क’ ही संगणकपद्धती वापरून पाहत आहेत. हजारो अस्पष्ट चित्रे व त्यांच्या स्पष्ट जोड्या दाखवून तिला शिकवितात. मग नव्या अस्पष्ट चित्रात काय असावे हे ती सांगते. धोका असा की, जे तिने कधी पाहिले नाही तेही ती ओळखीच्या साच्यात बसविते.

ही खोटी साक्ष म्हणावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. पाप रिकामी जागा भरण्यात नाही. भरलेली जागा ‘पाहिली’ म्हणून सांगण्यात आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेले एम-८७ दीर्घिकेतील कृष्णविवराचे चित्र तयार करताना शास्त्रज्ञांचे चार गट एकमेकांशी न बोलता स्वतंत्रपणे कामास बसले. चौघांच्याही चित्रांत तेच कडे दिसले, तेव्हा कोठे त्यांची खात्री पटू लागली.

आपण इतकी काळजी घेतो काय? शब्बाथशाळेत आपण ‘तीन मागी’ शिकवितो. मत्तयाने देणग्या तीन सांगितल्या आहेत. माणसे किती, हे सांगितलेले नाही. ही भर निरुपद्रवी म्हणू. पण पोटासाठी खानदेशातून सुरतेस आलेले एखादे कुटुंब चार रविवार उपासनेस दिसले नाही, की आपण चित्र पुरे करून टाकतो: ह्यांचा विश्वास थंडावला, घरात काही बिघडले. प्रत्यक्षात यंत्रमागावरची पाळी रविवारी आलेली असते.

आपले आताचे ज्ञान अपुरे आहे, हे पौलाने करिंथकरांस कबूल केले, आणि तेही प्रीतीच्याच अध्यायात. तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, ‘हे लिहिले आहे’ आणि ‘हे आपण कल्पितो’ हे मुलांना वेगवेगळे सांगू या. आणि मंदिरातील रिकाम्या बाकाविषयी तर्क करण्यापेक्षा त्या घरी एकदा जाऊन येऊ या.