थांबावे की निघावे?

आजारी तान्हुल्याला डॉक्टरकडे केव्हा न्यावे, हा प्रश्न वरकरणी वैद्यकशास्त्राचा वाटतो. परंतु वाचकहो, त्याचे पहिले उत्तर डॉक्टर कधीच देत नाही, कारण बाळ त्याच्यासमोर येते ते कोणीतरी निघायचे ठरविल्यानंतर. तोपर्यंतचा सारा काळ घरच्या माणसांचा असतो. रात्र असते, बाळ कण्हत असते, कोणी म्हणते दात येत असतील, कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते सकाळपर्यंत पाहू. त्या घटकेला जो निर्णय होतो, त्यात ज्ञान थोडे आणि मन फार असते. म्हणून हा प्रश्न नीतीचाही आहे. स्वतःचे दुखणे सांगू न शकणाऱ्या जिवाच्या वतीने निर्णय घेताना आपण कशाला अधिक मान देतो, हे त्यातून उघड होते.

या प्रश्नाचा विचार करताना आपल्या मराठी इतिहासातील एका दूरच्या गावाकडे वळावेसे वाटते. तमिळ मुलखातील तंजावर येथे भोसल्यांचे राज्य होते, हे आपणांस ठाऊक आहे. त्या घराण्यातील दुसरे सरफोजीराजे हे ख्रिस्ती मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली वाढले. १७९८ मध्ये श्वार्ट्झ निवर्तले. राजांनी त्यांच्या स्मरणार्थ लंडनचे शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी स्मारक घडवून घेतले. तंजावरच्या चर्चमधील त्या शिल्पात मरणशय्येवर पडलेल्या गुरूंच्या उशाशी राजा उभा आहे. धर्म निराळा, पदवी निराळी. पण रुग्णाच्या उशाशी उभे राहण्यात राजाला कमीपणा वाटला नाही.

१७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. पुढे १८०१ मध्ये राजांनी ब्रिटिश रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना एक पत्र लिहिले. रामेश्वराच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी पूर्वजांनी बांधलेली छत्रे आपल्याच हाती राहावीत, असा त्या पत्राचा हेतू होता. त्यासाठी छत्रांत काय काय चालते हे त्यांनी सविस्तर सांगितले. तेथे केवळ अन्नदान होत नव्हते. वाटसरू आजारी पडला तर त्याला औषध आणि पथ्याचे अन्न मिळे. लहान मुलांना दूध मिळे. गरोदर स्त्रियांची हळुवारपणे काळजी घेतली जाई. कोणी तेथे बाळंत झाली तर तिचा खर्च छत्र करी, तिला योग्य ती औषधे देई, आणि प्रसूतीनंतर तीन महिने तिला तेथे राहू देई.

या तीन महिन्यांपाशी आपण थोडे थांबावे. राज्य हातचे गेलेल्या राजाने जपू पाहिलेल्या गोष्टींत एका परक्या, वाटसरू बाळंतिणीचे तीन महिने होते. आजही वैद्यकशास्त्र सांगते की पहिले दोन-तीन महिने हाच सर्वांत नाजूक काळ. भारतात पाच वर्षांखालील जितकी मुले दगावतात, त्यांपैकी निम्म्याहून अधिक पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच दगावतात. जंतूंशी झुंजण्याची नवजात बाळाची शक्ती कोवळी असते. मोठ्या मुलात जंतुदोष एका जागी अडून राहतो. तान्ह्या बाळात तो काही तासांत सर्वांगभर पसरू शकतो. आणि तो पसरत असताना बाळ मोठ्याने रडेलच असे नाही. पुष्कळदा ते अधिकाधिक शांत होत जाते. घरच्यांना वाटते, आता झोप लागली. आणि नेमकी तीच शांतता घातक असते.

म्हणून दोन महिन्यांच्या आतील बाळाच्या बाबतीत काही खुणा प्रत्येक घराने पाठ कराव्यात. बाळाने अंगावर पिणे सोडले किंवा ते फार कमी पिऊ लागले. त्याला झटके आले. हलविल्याशिवाय ते हातपाय हलवीनासे झाले. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाऊ लागला. एका मिनिटात साठ किंवा अधिक श्वास होऊ लागले. काखेतील ताप ९९.५ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला. अथवा अंग गार पडून तापमान ९५.९ अंशांच्या खाली उतरले. तळहात-तळपाय पिवळे दिसू लागले. तर घरी थांबू नये. मोठ्यांत ताप म्हणजे आजार, पण नवजात बाळात अंग गार पडणेही तितकेच गंभीर असते, हे विशेष ध्यानात ठेवावे. यांतील एक खूणही पुरेशी आहे. दुसरीची वाट पाहू नये. तीन महिन्यांच्या आतील बाळाचा ताप तर घरगुती उपायांनी उतरवून पाहण्याचा विषयच नव्हे.

बाळ थोडे मोठे झाले की सवड किंचित वाढते. सर्दी-पडसे झालेले, पण नीट पिणारे, हसणारे, खेळणारे सहा-आठ महिन्यांचे मूल घरी सांभाळता येते. मात्र दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत मिनिटाला पन्नास किंवा अधिक श्वास, आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा अधिक, हे न्यूमोनियाचे लक्षण समजतात. जुलाबात डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली त्वचा सावकाश मागे गेली, मूल मलूल झाले, की क्षारसंजीवनी चमच्याचमच्याने पाजत पाजतच दवाखान्याची वाट धरावी.

कोणी म्हणेल, एवढे सारे अडाणी आईला कसे कळणार? याला उत्तर महाराष्ट्रातच मिळाले आहे. गडचिरोलीच्या खेड्यांत मुलाच्या न्यूमोनियाला लोक 'डब्बा' म्हणत. ज्या दुखण्याला लोकांनी नाव ठेवले, ते त्यांच्या डोळ्यांनी पाहिलेले असतेच. उणीव होती ती मोजण्याच्या साधनाची आणि हाकेच्या अंतरावरील मदतीची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच माणसांना श्वास मोजायला आणि न्यूमोनियाचे औषध द्यायला शिकविले. पुढे गावच्याच स्त्रियांना नवजात बाळाच्या जंतुदोषाच्या खुणा ओळखून घरीच उपचार करण्याचे शिक्षण दिले. या दुसऱ्या प्रयोगाचा निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. फारशा न शिकलेल्या बायकांनी हे केले. तेव्हा दोष अक्षरशत्रू असण्याचा नाही. पाहणाऱ्या डोळ्यांवर आपण विश्वास ठेवला नाही, हा दोष आहे.

आता खरा अवघड प्रश्न येतो. बाळात काहीतरी बदलले आहे हे पुष्कळदा आईला आधी कळते. तिच्याजवळ तुलना असते: काल हे बाळ कसे प्याले, कसे रडले, कसे बघत होते. पण निघण्याचा निर्णय तिच्या हाती असतो का? सासूबाई म्हणतात, आम्ही चार मुले वाढविली. नवरा कामावर असतो आणि पैसे त्याच्याजवळ असतात. वैद्यक सांगते ते उशिराचे पहिले कारण घरातल्या या पायऱ्यांत दडलेले असते. शुनेमच्या स्त्रीची गोष्ट आपण अनेकदा वाचली आहे. मुलगा तिच्या मांडीवर गेला, तेव्हा तिने पतीकडे गाढव आणि एक चाकर मागितला. आज ना चंद्रदर्शन ना शब्बाथ, मग आजच का जातेस, असे त्याने विचारले. तो दुष्ट नव्हता. त्याच्या मनात जाण्याचे दिवस ठरलेले होते, एवढेच. ती वाद घालीत बसली नाही. ती निघाली. दुखणे पंचांग पाहून येत नाही, हे तिला कळले होते.

येथे काही श्रद्धाळू मनांत शंका उठते: डॉक्टरकडे धावणे म्हणजे प्रार्थनेवरचा विश्वास उणा पडणे नव्हे काय? तसे मुळीच नाही. हिज्कीया राजाची प्रार्थना ऐकली गेली, आणि त्याच्या गळवावर अंजिरांचा लेपही लावण्यात आला. लेप लावणाऱ्याने प्रार्थनेचा अवमान केला असे कोणी म्हणत नाही. प्रार्थना वाटेतही करता येते. रुग्णवाहिकेत बसूनही करता येते. जी प्रार्थना पावलांना उंबऱ्यातच अडवून ठेवते, तिच्यात श्रद्धा किती आणि भीती किती, हे प्रत्येकाने स्वतःशी तपासावे.

परंपरेचाही अनादर नको. सरफोजीराजांनी धन्वंतरी महालात वैद्यांकडून औषधे तयार करवून पारखली. त्या अनुभवावर आधारलेले 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' हे तमिळ ग्रंथ सरस्वती महाल ग्रंथालयाने प्रसिद्ध केले, आणि त्यांत गर्भिणी व बालरोग यांवरही एक भाग आहे. त्या राजाजवळ आपली विद्या होती, तरी युरोपीय वैद्यकाचाही त्याने आदराने अभ्यास केला. आजीबाईचा बटवा आणि इस्पितळ यांत वैर नाही. पण बटव्याला आपली सीमा ठाऊक असली पाहिजे. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा देऊ नये, असे आजचे शास्त्र सांगते. आणि वर सांगितलेल्या खुणा दिसताच बटवा बाजूला ठेवावा, यातच आजीचा मान आहे.

शेवटी दोन चुका तराजूत घालून पाहू. उगाच गेलो, बाळ बरेच निघाले. ही एक चूक. जायला हवे होते, गेलो नाही, ही दुसरी. पहिलीत एक रात्र, एका दिवसाची मजुरी, थोडे हसे होणे इतके जाते. गरिबाला मजुरीही जड असते, हे खरे. तरीही दुसऱ्या चुकीची भरपाई कोणत्याही मजुरीने होत नाही. म्हणून शंका राहिली तर निघावे, हाच न्याय्य कौल.

मात्र हा कौल एकट्या आईवर लादून समाजाला मोकळे होता येणार नाही. 'एवढ्याशासाठी आलात?' असे खेकसणारा डॉक्टर पुढच्या वेळी त्या आईला घरीच बसवतो. दार न उघडणारा शेजारी, रात्री रिक्षा न काढणारा चालक, सुनेचे शब्द कानाआड करणारे घर, हे सारे त्या उशिराचे वाटेकरी आहेत. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. २०११ पासून सरकारी रुग्णालयांत आजारी नवजात बाळाच्या मोफत उपचारांची आणि वाहनाची तरतूद आहे. आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येते. २०२० च्या नमुना नोंदणीनुसार देशात हजार जन्मांमागे २८ अर्भके वर्षाच्या आत दगावली, तर तामिळनाडूत १३. म्हणजे हे मृत्यू विधिलिखित नाहीत. ते टाळता येतात.

तंजावरच्या छत्राने अनोळखी बाळंतिणीला तीन महिने दिले. वाचकहो, आपल्या वाड्यात, आपल्या आळीत, आपल्या मंडळीत आज एखादे तान्हे बाळ असेलच. त्याच्या आईला आजच सांगून ठेवा: मध्यरात्री शंका आली तरी हाक मार, आम्ही कारण विचारणार नाही, चप्पल घालून बाहेर येऊ.