सुट्या शब्दांपेक्षा वाक्यं
द्वारकानाथ रघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. थोडे शब्द, की लगेच वाक्यं. आणि भाषांतर ज्यानं त्यानं करायचं. आज इथं कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठात परकी भाषा शिकणाऱ्यांनीही हीच वाट धरावी, असं मनापासून वाटतं. जपानीत ‘हानासु’ म्हणजे बोलणं. नुसता पाठ केलेला हा शब्द उद्या डोक्यातून जातो. पण ‘युक्कुरि हानाशिते कुदासाई’, म्हणजे ‘जरा सावकाश बोला’, हे तोंडात बसलं, की क्रियापदाचं बदललेलं रूप, विनंतीतली अदब, सगळं एकदम हाती लागतं. शिवाय क्रियापद शेवटी, अगदी मराठीसारखं! वाक्यं वहीत उतरवा, पण मोठ्यानं म्हणा. रंकाळा तलावावर फिरता फिरता म्हटलीत तरी चालेल.