मदतीचं माप

चंदीगडच्या सेक्टर ३० मध्ये केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेच्या आवारात इंडो-स्विस ट्रेनिंग सेंटर आहे. १९६३ साली सुरू झालेलं. टूलरूमच्या शिक्षणात पोराच्या हाती आधी मशीन येत नाही, कानस येते. लोखंडाचा ठोकळा घासायचा, गुण्या लावायचा, उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा घासायचा. शिकवायला स्विस आले, शिकली आपली मुलं, आणि त्यासाठी आपल्याला कुणाच्या गोटात जावं लागलं नाही.

सगळी मदत अशी नसते. १९६५-६६ च्या दुष्काळात आपण अमेरिकी गव्हाच्या जहाजांची वाट बघत होतो. व्हिएतनाम युद्धाबद्दल आपण बोललो ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना रुचलं नाही, आणि गहू हात राखून सुटू लागला. ज्याचं खावं मीठ, त्याचं गावं गीत, हे आपण घरात सहज म्हणतो. देशानं ते मानलं, तर स्वातंत्र्यात उरतं काय?

हा प्रश्न टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी जेवढा अंगावर घेतला, तेवढा फार थोड्यांनी घेतला असेल. एप्रिल १९६४ मध्ये टांगानिका आणि झांझिबार एक होऊन टांझानिया झाला. झांझिबारमध्ये पूर्व जर्मनीचा दूतावास आधीच होता. पूर्व जर्मनीला मान्यता देणाऱ्याशी संबंध नाहीत, हा पश्चिम जर्मनीचा दंडक. तडजोड म्हणून न्येरेरेंनी पूर्ण दूतावासाऐवजी नुसता वाणिज्य दूतावास ठेवायचं ठरवलं. तरी १९६५ मध्ये पश्चिम जर्मनीनं लष्करी मदत काढून घेतली. न्येरेरेंनी सांगून टाकलं, मग उरलेली सरकारी मदतही घेऊन जा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ऱ्होडेशियातल्या गोऱ्यांच्या राजवटीवरून त्यांनी ब्रिटनशी संबंध तोडले. ७५ लाख पौंडांचं कर्ज त्यात अडकलं. नुकत्याच उभ्या राहिलेल्या गरीब देशाला हे झेपणारं नव्हतं. तरीही मला ते बरोबर वाटतं. मदत परत करण्याची ताकद नसेल, तर अलिप्तता भाषणापुरतीच.

म्हणून ते चीनच्या पदरात जाऊन पडले असंही नाही. त्यांच्या सैन्याला चिनी शिकवत होते, त्याच काळात कॅनडाचे अधिकारीही शिकवत होते. पुढे मात्र गणित बिघडलं. १९६७ च्या अरुशा घोषणेत स्वावलंबनाचा उच्चार झाला, पण परकीय मदतीवरचा भार वाढतच गेला. सक्तीनं वसवलेल्या गावांनी शेतकऱ्याचे हाल केले. १९८६ मध्ये, न्येरेरे राष्ट्राध्यक्षपदावरून उतरल्यानंतर लगेच, देशाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटी मान्य कराव्या लागल्या. हे झाकून न्येरेरेंचं कौतुक करणं म्हणजे त्यांच्यावरच अन्याय.

पण त्यांनी बांधून घेतलेल्या रेल्वेकडे बघा. शेजारच्या झांबियाचं तांबं ऱ्होडेशियातून जायचं, ती वाट बंद होण्याच्या बेतात. पाश्चात्त्यांना आणि जागतिक बँकेला नवा मार्ग परवडणारा वाटला नाही. चीननं बिनव्याजी कर्ज दिलं, हजारो माणसं पाठवली, आणि १९७० ते १९७५ या काळात दार-एस-सलाम ते कपिरी म्पोशी असा १८६० किलोमीटरचा मार्ग टाकला. चीनमध्ये दोन रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर, टांझानियाचं स्वतःचं १०००. नवे रूळ पडले १०६७ च्या मापाचे. ते झांबियाचं माप होतं. दार-एस-सलामला टांझानियाच्या जुन्या लाइनचे डबे या रुळांवर चढत नव्हते. शेजाऱ्याचे मात्र खाणीपासून बंदरापर्यंत थेट येत होते.