पाहणे आणि सांगणे

ताप आला तर आई कपाळाला हात लावून ओळखते. पाय सुजला तर तो शेजारणीलाही दिसतो. परंतु माणसाच्या दृष्टीत काही बिघडले तर ते त्याच्या एकट्यालाच दिसते. डोळ्यांपुढे तरंगणारा काळा ठिपका, अंधारात चमकून जाणारी वीज, दिव्याभोवती उमटणारे रंगीत कडे, वाचता वाचता वाकडी होणारी ओळ यांपैकी काहीही शेजारी बसलेल्या माणसाला दिसत नाही. तेव्हा ते कुणाला सांगावे की सांगू नये, सांगायचे तर केव्हा, हे सारे त्या एकट्या साक्षीदाराच्या हाती उरते. म्हणूनच हा प्रश्न मला केवळ वैद्यकाचा वाटत नाही, तो सदसद्विवेकाचाही वाटतो. माझ्या घरातील तीन प्रसंगांनी मला हे शिकविले.

माझे बालपण दौंडला गेले. मुंबई-पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग आणि मनमाडकडून येणारा मार्ग भीमेच्या काठावरील या गावी एकत्र येतात. माझे वडील मालगाडीचे चालक होते. १९९८ सालच्या हिवाळ्यात त्यांना रात्रीच्या वेळी सिग्नलच्या दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखे कडे दिसू लागले. भुवईच्या वर मंद दुखत असे. तासाभराने सारे शमत असे आणि सकाळी नजर पूर्ववत होत असे. त्यांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. चालकाची दृष्टी भरतीच्या वेळी तर तपासतातच, पुढेही ठरावीक वर्षांनी तपासतात आणि वय वाढते तसे या तपासण्यांमधील अंतर कमी होत जाते. पुढची तपासणी अजून दूर होती. बोललो तर इंजिनावरून उतरावे लागेल, ही त्यांची भीती होती. घरात आम्ही तीन भावंडे शिकत होतो.

वडील संध्याकाळी एक डोळा झाकून भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत बसतात, हे प्रथम आईच्या ध्यानात आले. तिने खोदून विचारले आणि रविवारच्या मिस्सेनंतर दोघेजण फादरांकडे गेले. फादरांनी उपदेश केला नाही, एवढेच विचारले, “तुमच्या गाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड बसतो ना? त्याला तुम्ही हे सांगितले आहे?” वडील म्हणाले, “नाही.” “मग तो बिचारा कोणाच्या डोळ्यांवर विसंबून बसला आहे?”

दुसऱ्या दिवशी वडील रेल्वेच्या डॉक्टरांकडे गेले. निदान काचबिंदूचे झाले. डोळ्यातील पाणी वाहून जाण्याची वाट अंधारात, बाहुली मोठी झाली की, अडत होती आणि आतील दाब चढत होता. रात्रीच्या इंजिनातील काळोख त्यांच्या डोळ्यांना असा बाधत होता. लेसरने वाट मोकळी केली, थेंब सुरू झाले. परंतु एका डोळ्याच्या कडेची नजर तोवर उणावली होती आणि काचबिंदूने नेलेली नजर परत येत नाही. वडिलांना इंजिनावरून उतरावेच लागले. कचेरीत टेबलाशी बसणे त्यांना कधी रुचले नाही. रात्री गाडीची शिटी ऐकू आली की ते जेवता जेवता थांबत. सत्य सांगितल्याची किंमत त्यांनी मोजली, हे मी लपवीत नाही. मात्र उरलेली दृष्टी त्यांना अखेरपर्यंत पुरली.

येथे एक गोष्ट नोंदविली पाहिजे. १९९५ च्या अपंग व्यक्तींसाठीच्या कायद्याने असे ठरविले की, शासकीय सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून कर्मचाऱ्याला काढून टाकता येणार नाही वा त्याचा दर्जा कमी करता येणार नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीचे दुसरे काम त्याला द्यावे. २०१६ च्या कायद्यानेही हे संरक्षण कायम ठेवले. वडिलांना त्याचा आधार मिळाला. पण उसाचा ट्रक हाकणाऱ्याला, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर यंत्र चालविणाऱ्याला, भाड्याची रिक्षा चालविणाऱ्याला असा आधार कोठून मिळावा? त्याने खरे सांगावे अशी आपली अपेक्षा असेल, तर त्याचे घर काही महिने चालावे याची काळजीही आपण वाहिली पाहिजे. सांगणाऱ्याचे जसे कर्तव्य आहे, तसे ऐकणाऱ्याचेही आहे.

दुसरा प्रसंग शिरूरचा, माझ्या मावशीचा. २००७ सालच्या उपवासकाळात तिच्या उजव्या डोळ्यापुढे एकाएकी काजळीचे कण पडल्यासारखे पुष्कळ ठिपके आले आणि डोळा मिटला की कडेला वीज चमकू लागली. काही दिवसांनी एका बाजूने काळा पडदा सरकत यावा तसे झाले. घरात मुलीचे लग्न ठरले होते. पाहुणे, कपडे, कर्ज यांच्या धांदलीत आपले दुखणे कशाला, असे तिने ठरविले. डोळा दुखत नव्हता, लालही नव्हता. तिने संत लुसीची नोव्हेना धरली आणि हा त्रास उपवासकाळातील त्याग म्हणून देवाला अर्पण केला. ईस्टर झाला, लग्न झाले आणि मग तिने सांगितले. पुण्यात डॉक्टरांनी पाहिले तेव्हा दृष्टिपटल मधोमध सुटले होते. शस्त्रक्रिया झाली, पण वाचण्याइतकी नजर त्या डोळ्याला पुन्हा आली नाही.

मावशीच्या श्रद्धेला मी कधी हसले नाही आणि कुणी हसू नये. तीच एकदा मला म्हणाली, “मी देवाला सांगितलं गं, माणसांना सांगितलं नाही.” या एका वाक्यात सारी चूक आणि सारा पश्चात्ताप आला आहे. जे टळण्यासारखे नाही ते देवाच्या हाती सोपविणे हा त्याग होय. जे टळू शकत होते ते लपविणे हा त्याग नव्हे. त्याग ज्यांच्यासाठी करावयाचा, त्या लेकीलाच पुढे आईच्या एका डोळ्याचे दुःख जन्मभर वाहावे लागले.

आपल्या धर्मग्रंथांत प्रार्थना आणि वैद्य यांच्यात भांडण नाही. बेन सिराखच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय वैद्याचा मान राखण्यास सांगतो. औषधी जमिनीतून उपजविणाराही परमेश्वरच आहे असे तो सांगतो आणि आजाऱ्याने प्रार्थनाही करावी व वैद्यालाही वाट द्यावी असा सल्ला देतो. तोबीताच्या डोळ्यांवर पांढरे पटल आले तेव्हा तो वैद्यांकडे गेला. त्यांना गुण देता आला नाही, तरी त्याच्या जाण्याला ग्रंथ कोठे दोष देत नाही. पुढे देवदूत राफाएल धाडला गेला, त्यानेही तोबीताच्या मुलाच्या हाती माशाचे पित्तच दिले. देवाचे साहाय्य तेथे औषधाच्या रूपाने आले. १९९२ साली संमत झालेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथही आयुष्य व आरोग्य यांना देवाच्या मौल्यवान देणग्या मानतो आणि त्यांची वाजवी काळजी घेण्यास सांगतो.

वाजवी हा शब्द मात्र महत्त्वाचा आहे, कारण तिसरा प्रसंग माझा स्वतःचा आहे आणि तो उलट टोकाचा आहे. २०१९ साली शिरूरहून न्हावरे-चौफुल्याच्या वाटेने एसटीने दौंडला येत असताना माझ्या नजरेच्या मध्याजवळ एक चमकती नागमोडी रेघ उमटली. ती करवतीच्या दात्यांसारखी थरथरत रुंद होत गेली. तिच्या आतील भाग दिसेनासा झाला. डोळे मिटले तरी ती होतीच. बस भीमेच्या पुलावर आली तेव्हा मावशीचा डोळा मला आठवला आणि हातापायांतले बळ गेले. वीस-पंचवीस मिनिटांत रेघ कडेला जाऊन विरली. तरी त्याच रात्री भावाला घेऊन मी पुणे गाठले. डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करून डोळे तपासले, रक्तदाब पाहिला, प्रश्न विचारले आणि सांगितले की ही अर्धशिशीची पूर्वखूण आहे. तिचा उगम डोळ्यात नसून मेंदूत असतो. कधी मागाहून डोके दुखते, कधी दुखतही नाही. मी ओशाळून क्षमा मागितली, तेव्हा ते म्हणाले, “पहिल्या वेळी आलात हे योग्यच केलेत. हे काय आहे ते तुम्ही घरी बसून ठरवू शकला नसता.”

पुढचे काही महिने मात्र माझे चुकले. मी रोज आकाशाकडे पाहून ठिपके मोजू लागले, रात्री उठून एकेक डोळा झाकून पाहू लागले. प्रार्थनेला बसले तरी लक्ष डोळ्यांतच. लपविणारा भीतीपोटी पाहत नाही आणि चिंतातुर भीतीपोटी दुसरे काही पाहत नाही. दोघांचा धनी एकच. त्या दिवसांत मला संत हिल्डेगार्डचे चरित्र वाचावयास मिळाले. बाराव्या शतकातील ही जर्मन संन्यासिनी दिव्य प्रकाशाची दर्शने लिहून गेली, तशीच औषधींविषयीही लिहून गेली. तिच्या दर्शनांतील तेजोबिंदू व प्रकाशवलये अर्धशिशीची असावीत, असे मत विसाव्या शतकात चार्ल्स सिंगर यांनी आणि पुढे ऑलिव्हर सॅक्स यांनी मांडले. २०१२ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तिला ख्रिस्तसभेची आचार्य घोषित केले. ते मत खरे की खोटे, त्याचा निवाडा मी करणार नाही. शरीराला कारण सापडले म्हणून आत्म्याचे मोल उणावत नाही, एवढे मला त्यातून उमगले आणि माझी भीती सैल झाली.

मग मर्यादा कोणती पाळावी? डॉक्टरांनी मला सांगितले ते साध्या शब्दांत असे. एका वा दोन्ही डोळ्यांची नजर अकस्मात गेली, मग ती पाच मिनिटांत परत का येईना. एकाएकी एकाची दोन दिसू लागली. नजरेबरोबर तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला वा बोलणे अडखळले, तर घटकाभरही थांबू नये. तो पक्षाघाताचा इशारा असू शकतो. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. नवे ठिपके एकदम आले, विजा चमकू लागल्या, कडेने पडदा सरकू लागला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा, कारण दृष्टिपटलाला नुसती चीर असता लेसरने भागते, पटल सुटले की शस्त्रक्रिया लागते. डोळा लाल, तीव्र वेदना, ओकारी आणि दिव्याभोवती कडी, हेही त्याच दिवसाचे काम. सरळ रेघ वाकडी दिसू लागली, तर त्याच आठवड्यात जावे. वर्षानुवर्षे तरंगणारा एखादा ओळखीचा ठिपका, हळूहळू धूसर होत जाणारी नजर, यांसाठी सवडीने जाता येते, पण जावेच. मधुमेही माणसाने तर काही दिसत नसले तरी वर्षातून एकदा दृष्टिपटल तपासून घ्यावे. औषधाच्या दुकानातून विचारून आणलेले थेंब घालीत बसू नये. त्यांत स्टिरॉइड असेल तर त्यानेच दाब चढतो.

मार्काच्या शुभवर्तमानात बेथसैदा येथील एका आंधळ्याची हकिगत आहे. प्रभू येशूने त्याच्यावर हात ठेवले आणि काही दिसते का असे विचारले. तो म्हणाला की माणसे दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. प्रत्यक्ष प्रभूने स्पर्श केलेला! संकोचाने, उपकाराच्या ओझ्याने तो सहज म्हणू शकला असता की सारे स्वच्छ दिसते आहे. त्याने तसे केले नाही. जसे दिसत होते तसे सांगितले. प्रभूनेही त्याच्या श्रद्धेत खोट काढली नाही. दुसऱ्यांदा हात ठेवले आणि मग त्याला स्पष्ट दिसू लागले. त्याच्या प्रामाणिक उत्तरामुळे त्याला तो दुसरा स्पर्श मिळाला, असे मला नेहमी वाटते. आणि हेही विसरता येत नाही की प्रभूने आधी विचारले होते.

आमच्या घरी आता एक प्रथा आहे. १३ डिसेंबरला, संत लुसीच्या सणाला, सायंप्रार्थनेनंतर लहानथोर सारेजण आळीपाळीने एकेक डोळा झाकतात आणि भिंतीवरची दिनदर्शिका वाचतात. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा अधूचे उणे झाकून टाकतो, म्हणून एकेक. मुले हसतात, खोड्या करतात. मावशी आली असेल तर तीही उजवा डोळा झाकून डाव्याने तारखा वाचून दाखविते. मग प्रत्येकाला एकदा विचारावयाचे, “नीट दिसतं ना?” आणि उत्तर येईपर्यंत थांबावयाचे.