नाही म्हणायची मुभा

सोलच्या कॉफीच्या दुकानांत एक गंमत कानावर पडते. काउंटरमागची पोरगी कप पुढे सरकवते आणि ‘कॉफी आली’ असं न म्हणता क्रियापदाला आदराचा प्रत्यय जोडते. मराठीत सांगायचं तर ‘कॉफी आल्या आहेत’. आदर गिऱ्हाइकाला द्यायचा असतो, मिळतो कॉफीला. कोरियन भाषेची राष्ट्रीय संस्था हा प्रयोग चूक ठरवते, तरी तो हटत नाही. एखादं गिऱ्हाईक उद्धटपणाची तक्रार करील, त्यापेक्षा कपालाच अहोजाहो केलेलं बरं!

मग हा आदर आहे की भीती?

कोरियन वाक्याच्या शेवटी क्रियापद येतं, आणि त्याच्या प्रत्ययातच समोरच्याची पायरी ठरवावी लागते. थोरला कोण, धाकटा कोण, हे कळल्याशिवाय बोलणं पुढे सरकत नाही. म्हणून नव्या ओळखीत वयाची चौकशी लवकर होते. या वळणामागे जोसन राजवटीचा (१३९२ ते १९१०) कन्फ्यूशियन वारसा आहे. थोरला-धाकटा हा क्रम तिथे पाच मूलभूत नात्यांपैकी एक मानला गेला. शुन्झी हा त्या परंपरेतला विचारवंत तर सांगतो, की माणूस जन्मतः चांगला नसतो, रीतिरिवाज त्याला घडवतात. आधी वाकायला शिका, नम्रता मागून येईल. कॉफीच्या दुकानात मात्र वाकणं आलं आणि नम्रतेची वाट चुकली, असंच म्हणावं लागतं.

गुस हिडिंक या डच प्रशिक्षकाने २००१ मध्ये कोरियाचा फुटबॉल संघ हाती घेतला, तेव्हा मैदानावर मानाची संबोधनं बंद केली. चेंडू मागताना धाकट्याने थोरल्याचा मान राखत बसायचं, तोवर बचावपटू अंगावर येणार. मग एक धाकटा खेळाडू जेवणाच्या वेळी कर्णधार होंग म्यंग-बोला सरळ एकेरीत ‘म्यंग-बो, चल जेवायला’ म्हणाला, असा किस्सा तिथे हसत सांगतात. २००२ च्या विश्वचषकात हा संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. सगळं श्रेय एकेरीला देणं भाबडेपणाचं होईल.

खरी मेख विनंतीच्या वाक्यात आहे. पाणी हवं असेल तर मित्राला नुसतं ‘ज्वो’ (दे) पुरतं, अनोळख्याला ‘जुसेयो’ (द्या) म्हणायचं. आधी ‘जोम’, म्हणजे आपलं ‘जरा’, लावलं की मागण्याची धार बोथट होते. तरी व्याकरणाच्या हिशेबाने ‘जुसेयो’ ही आज्ञाच, फक्त आदरार्थी. ‘जुशिगेस्सोयो?’ (द्याल का?) म्हटलं की वाक्य प्रश्नार्थक होतं आणि समोरच्याला नाही म्हणायला जागा मिळते. मान देणं आणि मुभा देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरिष्ठाचं ‘हे आजच व्हावं ही विनंती’ कितीही औपचारिक असो, त्यात मान भरपूर आणि मुभा शून्य. उलट दोन जिवलग मैत्रिणी एकेरीत बोलतात आणि ‘छे, तूच आण’ म्हणायला कुणाची जीभ अडत नाही.

मग देवाकडे कसं मागायचं? कोरियन ख्रिस्ती प्रार्थनेत क्रियापदाला ‘-सोसो’ हा जुना प्रत्यय लागतो. रोजच्या बोलण्यातून तो कधीच गेला; आता तो प्रार्थनेत किंवा ऐतिहासिक मालिकांतल्या राजदरबारात ऐकू येतो. देवाला ‘तू’ म्हणायची तर सोयच नाही, तिथे ‘पिता’ हाच शब्द पुन्हा पुन्हा येतो. विठोबाला अरेतुरे करून वर चार शब्द सुनावणाऱ्या वारकऱ्याला हे सगळं अवघडल्यासारखं वाटेल. पण ‘-सोसो’सुद्धा आज्ञार्थीच आहे. दुकानदाराला ‘द्याल का?’ विचारणारा भक्त देवाला ‘द्यावे’ म्हणतो. देवाला नाही म्हणायची मुभा माणसाने द्यावी, ही कल्पनाच त्याला उद्धट वाटत असावी.

बायबलमधला काना गावच्या लग्नाचा प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. द्राक्षारस संपला, एवढंच मरिया आपल्या मुलाला, येशूला, सांगते. विनंतीचं क्रियापद तिच्या तोंडी नाहीच. मूळ ग्रीकमध्ये आई आणि चाकर यांच्यासाठी क्रियापदांची मानाप्रमाणे वेगवेगळी रूपं नाहीत. कोरियन भाषांतरकारांना ती निवडावीच लागली. बराच काळ प्रचारात असलेल्या १९६१ च्या प्रोटेस्टंट आवृत्तीत येशू आईला टाळतो, ते पूर्ण आदरार्थी रूपात. मरिया ते मनावर घेत नाही. ती चाकरांकडे वळते, मुलाबद्दल आदरार्थी बोलते आणि त्या चाकरांना मात्र साध्या एकेरीत फर्मावते, की तो सांगेल तसं करा.