नव्व्याण्णव आणि एक

शंभर मेंढरांतले एक हरवते आणि मेंढपाळ उरलेली नव्व्याण्णव रानात ठेवून त्या एकाच्या शोधात निघतो, ही गोष्ट आपण लहानपणापासून मिस्सेत ऐकत आलो आहोत. ऐकताना मन गहिवरते. परंतु तीच गोष्ट हिशेबाच्या वहीत मांडायला घेतली की आपण अडखळतो. एकासाठी नव्व्याण्णवांना रानात सोडणे हे कोणत्या व्यवहारात बसते? वेदीपुढे जे आपण मानतो, ते ग्रामपंचायतीत, शाळेच्या समितीत वा मतपेटीपुढे उभे असताना मानतो काय?

वाचकहो, हा प्रश्न आम्हाला पडला तो बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा पाहताना. जिजाऊंचे सिंदखेडराजा, लोणारचे सरोवर आणि शेगाव यांमुळे हा जिल्हा सर्वांना ठाऊक आहे. तो अमरावती धर्मप्रांतात येतो. पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या मातीत कपाशी डोलते. पण उत्तरेकडे जळगाव जामोद आणि संग्रामपूर या तालुक्यांत सपाटी संपते आणि सातपुडा उभा राहतो. पलीकडे मध्य प्रदेश. या डोंगराच्या कुशीत आणि पायथ्याशी कोरकू, भिलाला, निहाल अशा आदिवासींची गावे व पाडे आहेत. जिथे पक्का रस्ता पोहोचलेला नाही, तिथे पावसाळ्यात ओढा भरला की वाट संपते आणि आजारी माणसाला खाटेवर वा झोळीत घालून खाली आणावे लागते. पिके निघाली की तरणीताठी माणसे कामाच्या शोधात बाहेर पडतात आणि घरी म्हातारी माणसे उरतात.

यांतील निहालांकडे जगातील एक दुर्मीळ ठेवा आहे. त्यांची निहाली भाषा, जिला ते स्वतः कालटो म्हणतात, जगातील कोणत्याही ज्ञात भाषाकुळात बसत नाही. मराठी आर्यकुळातली, तेलुगू द्रविडकुळातली, कोरकू मुंडाकुळातली. निहालीला मात्र सगेसोयरे नाहीत. गिलगिटकडची बुरुशास्की ही अशीच एकाकी भाषा. निहालीत कोरकू, मराठी आणि हिंदी शब्दांची भर पुष्कळ पडली आहे. तरी त्याखाली असा एक गाभा उरतो, की ज्याचे मूळ कोणास सांगता आलेले नाही. डच पंडित कॉयपर यांनी 1962 मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला; आशा मुंडले यांनी परिश्रमाने सिद्ध केलेला तिचा शब्दसंग्रह 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. ही भाषा बोलणारे सुमारे दोन-अडीच हजारच आहेत आणि त्यांतील बहुतेक जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा अशा गावांत राहतात.

आता मोजणीकडे वळू. आपल्या जनगणनेत 1971 पासून असा प्रघात आहे, की दहा हजारांहून कमी लोक बोलतात ती भाषा स्वतंत्रपणे दाखवायची नाही, ‘इतर’ या रकान्यात टाकायची. अनुसूचित जमातींच्या यादीतही निहालांना वेगळा क्रमांक नाही. कोरकूंच्याच नोंदीत त्यांचे नाव येते. यात कोणाचा दुष्ट हेतू असेल असे आम्ही म्हणत नाही. एवढ्या मोठ्या देशाचा कारभार चालवायचा तर कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण रेघेखाली जो राहतो, त्याच्यासाठी मेंढपाळाची मोजणी शंभराची नसून नव्व्याण्णवाचीच असते. हरवलेल्याचा शोध पुढची गोष्ट. तो हरवला आहे हेच कोणाला कळत नाही.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो झटकून टाकणे योग्य नव्हे. साधने थोडी असतात. जो पैसा वीस घरांच्या पाड्यासाठी घाट फोडून रस्ता करण्यात खर्चावा, त्याच पैशात तालुक्याच्या रुग्णालयात अधिक जीव वाचतील, असे कोणी म्हटले तर त्याला निर्दय म्हणता येत नाही. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे काय करावे, हा वाद महाराष्ट्रात 2022 मध्ये रंगला, तेव्हाही हाच हिशेब पुढे आला होता. मात्र या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरली जाते: डोंगरावरचा माणूस आणि सपाटीवरचा माणूस आरंभी एकाच रेषेवर उभे आहेत. ते तसे नाहीत. सपाटीवरच्या माणसाला आजवर पुष्कळ मिळाले, आणि डोंगरातले सागवान उतरून सपाटीवरच्या घरांचे वासे झाले. जुने देणे बाकी असता नव्या खर्चाचा काटेकोर हिशेब मांडणे याला न्याय म्हणता येणार नाही. ज्याला आपण दया समजतो, ती पुष्कळदा थकलेली परतफेड असते.

मग उपाय कोणता? पुष्कळांना सुचणारा उपाय म्हणजे गावच खाली आणावे. मेंढपाळाने तेच केले नाही काय? मेंढरू खांद्यावर घेऊन तो कळपाकडे परतला. संग्रामपूर तालुक्यातील अंबाबरवा अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातून स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्या कुटुंबास 2008 पासून 10 लाख रुपये आणि 2021 पासून 15 लाख रुपये देण्याची केंद्राची योजना आहे. रोख रक्कम नको असेल त्याला जमीन व घर घेता येते. वाघ वाचला पाहिजे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. खाली येऊन ज्यांच्या मुलांना शाळा आणि दवाखाना मिळाला, त्यांचे समाधानही खोटे नाही.

तरीही दृष्टान्त इथे जसाच्या तसा लावता येत नाही. मेंढरू हरवले होते. गाव हरवलेले नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या आपल्या जागी आहे. आपण त्याला ‘दुर्गम’ म्हणतो, तेव्हा स्वतःच्या घरापासून अंतर मोजत असतो. डोंगरावरच्या म्हातारीला विचारले तर दुर्गम आहे ते तहसील कार्यालय. म्हणून तिला खांद्यावर उचलण्याआधी विचारणे भाग आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानेही हेच मान्य केले आहे: स्थलांतरासाठी ग्रामसभेची, सर्व माहिती मिळाल्यानंतर दिलेली, मोकळी संमती लेखी हवी. पण संमती मोकळी केव्हा म्हणायची? वर रस्ता नाही, डॉक्टर नाही, शिक्षक येत नाही आणि खाली सर्व आहे, अशा स्थितीत दिलेला होकार हा होकार आहे की शरणागती? आमच्या मते जो राहू शकतो, त्याच्याच जाण्याला स्वेच्छा म्हणता येईल. म्हणून राहणे शक्य करणे हे आपले पहिले कर्तव्य आणि जाण्याची वाट मोकळी ठेवणे हे दुसरे.

हा पेच सातपुड्यापुरता नाही. इंडोनेशियातील लेंबाटा बेटावर लामालेरा नावाचे कॅथलिक गाव आहे. खडकाळ किनाऱ्यामुळे तिथे शेती जेमतेम. गावकरी लाकडी नावांतून, बांबूला लावलेल्या भाल्यांनी देवमासा मारतात आणि त्याचे मांस डोंगरातील लोकांना देऊन मका घेतात. हंगामाच्या आरंभी किनाऱ्यावर मिस्सा होतो. सावू समुद्र 2009 मध्ये संरक्षित झाला, तेव्हा आपले जगणेच बंद होईल या भीतीने या गावाने विरोध केला. तिथेही एका बाजूस वन्यजीव, दुसऱ्या बाजूस गाव, आणि निर्णय दूरच्या शहरात. पोप सहावे पॉल यांनी 1967 मधील आपल्या विश्वपत्रात विकास प्रत्येक माणसाचा आणि संपूर्ण माणसाचा असावा, अशी शिकवण दिली. माणसाचे पोट, त्याची बोली आणि त्याचा शब्द हे तिन्ही मिळून माणूस संपूर्ण होतो.

हे सारे लिहिताना आमचीच मान खाली जाते. वसईतील आपल्या कुटुंबांनी शहर अंगावर येताना पाहिले आहे. वरून आलेल्या आराखड्याविरुद्ध दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासमवेत हरित वसईसाठी हजारो माणसे उभी राहिली, तेव्हा आपली मागणी हीच होती: आम्हाला विचारा. पण त्याच काळात आपल्या ओट्यावरची कादोडी आणि वाडवळी आपण आपल्या हातांनी मागे सारली. आजीची बोली नातवाला कळते, पण तो उत्तर इंग्रजीत देतो. त्यात त्याचा दोष नाही. त्याला नोकरी हवी होती आणि ती मिळावी म्हणून आपण काळजीपोटीच तसे केले. तेव्हा निहाली आईबापांनी मुलांना मराठी शाळेत घातले, तर त्यांना बोल लावण्याचा अधिकार आपल्याला नाही. मूल मराठी शिकावे, इंग्रजीही शिकावे. मात्र घरच्या बोलीत बोलल्याबद्दल वर्गात त्याला हसणे निराळे. शिकण्याने मुलाला एक भाषा अधिक मिळते. हसण्याने होती तीही जाते. पेन्टेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमेत जमलेल्यांना पवित्र आत्म्याने एक भाषा शिकवली नाही; ज्याने त्याने आपापल्या भाषेत ऐकले. त्या गर्दीत दोन हजारांची भाषा बोलणारा कोणी असता, तर त्यालाही ‘इतर’ या रकान्यात उभे राहावे लागले नसते.

सातपुड्यातील त्या गावांचे भवितव्य काय, हे भाकीत आम्ही करू शकत नाही. काही गावे उतरतील, काही राहतील. काही मुले शिकून परततील, पुष्कळशी परतणार नाहीत. आपल्या हाती आहे ते एवढेच: आपल्या धर्मग्रामात वीटभट्टीवर वा बांधकामावर डोंगरातून आलेले कुटुंब दिसले, तर ‘तू कुठला?’ या प्रश्नाचे उत्तर पुरते ऐकून घ्यावे आणि त्याच्या गावाचे नाव ध्यानात ठेवावे. मेंढपाळ शोधायला निघाला, कारण त्याने आधी शंभर मोजली होती.