फळ्यावरची उत्तरं

आमच्या गावात चोरी कशाला म्हणायचं आणि कशाला नाही, याचे नियम कुठं लिहिलेले नव्हते, पण पक्के होते. वाटेनं जाताना कुणाच्या रानातला हरभऱ्याचा डहाळा उपटला तर ती चोरी नव्हे. हुरड्याच्या दिवसांत चार कणसं मोडली तर मालक फार तर म्हणायचा, "अरे, इचारून तरी घ्या." तीच कणसं पोत्यात भरली की मात्र चोरी. विहिरीवरच्या मोटारीची केबल, खळ्यावरचं धान्य, दावणीचं जनावर यांना हात लावणाऱ्याची गय नव्हती. खाल्लेलं वेगळं आणि नेऊन विकलेलं वेगळं, एवढा साधा हिशेब होता आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघायचा.

या हिशेबात दहावीच्या पेपरातली कॉपी कुठंच बसत नव्हती. तिला आमच्याकडं शब्दच निराळा. 'मदत'. जानेवारी लागला की पारावर विचारपूस सुरू. "यंदा केंद्रावर मदत हाय का?" आणि पोरगी बघायला आलेल्या पाहुण्यानं हुंड्याचा आकडा विचारावा तितक्या हळू आवाजात पुढचं, "किती पडंल?"

मदतीचे अवतार बदलत गेले. माझ्या वेळी कॉपी करणारा स्वतःच करायचा. पायमोज्यात, बाहीत, कंपासपेटीच्या झाकणात चिठ्ठी. त्यासाठी निदान कुठल्या प्रश्नाला कुठला कागद, एवढं तरी कळावं लागायचं. पुढं भाऊ, चुलते, मामा खिडकीखाली जमायला लागले. गाइडाची पानं फाडून दगडाला गुंडाळून आत भिरकावायची. एका वर्षी असाच दगड एका पोरीच्या कपाळाला लागला आणि तीन टाके पडले. या दोन्ही अवतारांत मास्तर पलीकडच्या बाजूला होता. त्याला चुकवायचं होतं. लपवालपवी होती म्हणजे हे बरं नव्हे याची जाण होती. तिसऱ्या अवतारात मास्तरच खडू घेऊन फळ्याशी उभा राहिला आणि लपवायचं कुणापासून हा प्रश्नच मिटला.

शहरातल्या माणसाला वाटतं, यामागं फक्त पैसा. पैसा होता, नाही असं नाही. पण त्याहून मोठी भीती होती. निकाल खाली आला की पुढच्या वर्षी पोरं दुसऱ्या गावच्या शाळेत जातात. पोरं गेली की पट घटतो, पटावर संचमान्यता, संचमान्यतेवर मास्तरांच्या जागा. तुकडी तुटली की कुणीतरी 'अतिरिक्त' ठरतो. मे महिन्याच्या उन्हात मास्तर लोक दारोदार पोरं मागत फिरताना मी पाहिलेत. शाळा विनाअनुदानित असली तर आणखी अवघड. आज अनुदान येईल, उद्या येईल, आधी वीस टक्के, मग चाळीस, या आशेवर माणसं दहा-दहा वर्षं बिनपगारी शिकवतात, सुट्टीत दुसऱ्याच्या रानात रोजानं जातात आणि सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून हजेरी घेतात.

मी सांगतोय ती गोष्ट अशाच एका बिनपगारी मास्तराची. बीड जिल्ह्याचा डोंगरपट्टा, पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा मार्च. केंद्र शेजारच्या मोठ्या गावच्या हायस्कुलात, आमची पोरं तिथंच बसलेली. इंग्रजीचा पेपर. प्रश्नपत्रिका फुटली की पहिल्या दहा मिनिटांत तिची एक प्रत हेडमास्तरांच्या खोलीत जायची. तिथं इंग्रजीचे जुने सर ती सोडवायचे, शिपाई कार्बन लावलेले कागद खोलीखोलीत पोचवायचा आणि पर्यवेक्षक ते फळ्यावर उतरवायचा. रस्त्यावर मोटारसायकलवाला पोरगा बसवलेला असायचा. भरारी पथकाची गाडी दिसली की त्याचा फोन, की फळा कोरडा. त्या दिवशी पथक खाजगी जीपमधून रानातल्या वाटेनं आलं. इंग्रजीचे सर मागच्या दारानं गेले. हेडमास्तर, म्हणजे केंद्रसंचालक, म्हणाले, "मला तर काही कल्पनाच नाही." सापडला तो हातात खडू असलेला. बी.एड. झालेला, भूगोलाचा, सात वर्षं बिनपगारी.

संस्थेनं आठ दिवसांत त्याला घरी बसवलं. निलंबित मास्तराला निर्वाह भत्ता म्हणून निम्मा पगार मिळतो, असा नियम आहे म्हणतात. ज्याला पगारच नाही त्याचा निम्मा पगार किती, ते ज्यानं त्यानं काढावं. जूनमध्ये शाळेच्या फाटकावर 'उज्ज्वल यशाची परंपरा कायम' असा फलक लागला, त्यावर हेडमास्तरांचा फोटो होता.

पारावर यावरून चार दिवस वाद चालला. तशी चर्चा मी पुन्हा आमच्या गावात ऐकली नाही. एक म्हातारी म्हणाली, "तळतळाट लागंल त्येला काढणाऱ्याला. लेकरांचं भलंच केलं ना त्येनं?" फौजेतून परतलेला एक जण म्हणाला, पलटणीत असता तर कोर्ट मार्शल झालं असतं, गोष्ट संपली. त्यावर ऊसतोडीचा मुकादम उसळला. "माझ्या टोळीतली चार पोरं व्हती त्या खोलीत. दिवाळीला आईबापासंगं फडावर गेलेली, आठ दिस झाले येऊन. त्यांनी पेपरात काय ल्याहावं, वाढं?" सगळे हसले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आमच्या भागातून दिवाळीच्या आसपास कोयते निघतात ते मार्च-एप्रिलात परततात. बोर्डाला ते ठाऊक नसतं. त्याचा पेपर सगळ्यांना एकच.

मग कडेला बसलेला एक सालगडी बोलला. तो एरवी पारावर बोलायचा नाही. "माझी पोरगी पहाटं चारला उठून अभ्यास करीत व्हती. चिमणीवर. तिला बी पास, ह्येंला बी पास. आता माझ्या पोरीचं कुणी चोरलं का न्हाई, त्येवढं सांगा." कुणीच काही बोललं नाही. मुकादमानं तंबाखू मळायला घेतली.

त्या पोरीचं पुढं काय झालं ते सांगतो. तिला चांगला पहिला वर्ग मिळाला, स्वतःच्या मेहनतीचा. तालुक्याच्या कॉलेजात गुणपत्रिका दाखवली तेव्हा खिडकीतला कारकून केंद्राचं नाव वाचून म्हणाला, "असं, तिथली का." एवढंच. तिच्या चुलत्यानं घरी तोच सूर धरला. सगळीच पास होतात त्यात हिचं काय मोठं, कशाला पुढं शिकवायचं? बापानं तरी दोन वर्षं नेट धरला. बारावीनंतर लग्न झालं. ज्याच्या घरात आधी कुणी शाळेत गेलेलं नाही, त्याच्याजवळ गुणपत्रिका हा एकच पुरावा असतो. त्या खडूनं तो पुरावाच खोटा करून टाकला. घरात वकील-डॉक्टर असलेल्या पोराचं अशानं काही बिघडत नाही, त्याच्याकडं दुसरे दाखले असतात.

मुकादमाच्या टोळीतल्या चार पोरांपैकी एक पोरगा माझ्या बांधाशेजारचा. तो दहावी झाला, तशाच मदतीनं बारावी झाला, बी.ए.ला नाव घातलं, मग चार वर्षं पोलीस भरतीमागं पळाला. धावण्यात पहिला, लेखीत गळालेला. सव्विसाव्या वर्षी पुन्हा फडावर गेला. बँकेतली पैसे काढायची चिठ्ठी तो आजही दुसऱ्याकडून भरून घेतो. दहावीला नापास झाला असता तर ऑक्टोबरला बसला असता, नाहीतर सोळाव्या वर्षीच एखाद्या गॅरेजवर हात काळे करून धंदा शिकला असता. दहा वर्षं त्याला सगळे सांगत राहिले की तुला येतंय. ही दहा वर्षं कुणाच्या खात्यावर मांडायची?

म्हणून ती 'मदत' नव्हती असं मला वाटतं, आणि मुकादमाला माझं हेच उत्तर आहे. दया खरी असेल तर तिला मार्चच्या आधीचे पाच महिने मोकळे होते. हंगामी वसतिगृहाची योजना असते. पोरांना आजी-आजोबांजवळ ठेवून डिसेंबरात संध्याकाळी दोन तास शिकवता येतं. त्याला कष्ट पडतात. फळ्यावर उत्तर लिहायला कष्ट पडत नाहीत, म्हणून ती दया स्वस्त.

पण मग शिक्षा काय? अमेरिकेतल्या अटलांटा शहरात असंच प्रकरण झालं होतं. तिथं निकालाच्या आकड्यांवर शाळांची लाज आणि वरच्यांची बढती टांगलेली. २००९ च्या परीक्षेत मुलांनी दिलेली उत्तरं शिक्षकांनीच मागाहून खोडून बरोबर केली. २०११ च्या चौकशी अहवालात ४४ शाळांमधल्या १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांवर ठपका आला. २०१३ साली ३५ जणांवर आरोप ठेवले गेले, त्यात शाळाखात्याची प्रमुख बाईही होती. तिला कर्करोग झालेला, खटल्याला उभी राहण्याआधीच ती वारली. शेवटपर्यंत खटला लढवलेल्या १२ जणांपैकी ११ जण २०१५ साली दोषी ठरले, आणि तेही गुंडटोळ्यांसाठी केलेल्या कायद्याखाली. तिघांना आधी वीस वर्षांची शिक्षा सुनावली, त्यातली सात तुरुंगात. दोन आठवड्यांनी न्यायाधीशानं स्वतःच ती तीन वर्षं तुरुंगावर आणली. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटली. ज्यांनी आधीच कबुली दिली त्यांना न्यायाधीश सौम्य होता. त्याला तुरुंगापेक्षा कबुली हवी होती. मास्तरांना दरोडेखोरांच्या कलमाखाली बसवणं मला पटत नाही. पण निदान तिथं वरच्या खुर्चीपर्यंत हात पोचला. आणि त्या मुलांसाठी जादा शिकवणीची सोयही झाली, भलेही पाच-सहा वर्षं उशिरा.

आपल्याकडं परीक्षेतल्या गैरप्रकारांचा कायदा १९८२ पासून आहे. आमच्या पंचक्रोशीत त्याखाली कुणी आत गेलेला नाही. नांदेडला श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना २०१० च्या सुमारास कॉपीमुक्तीची मोहीम झाली. निकाल धाडकन कोसळला, आणि तो कोसळला म्हणूनच आधीचा निकाल कशाचा होता ते सगळ्यांना दिसलं. २०२५ च्या परीक्षांआधी सरकारनं बजावलं की सामूहिक कॉपीला मदत करणाऱ्या शिक्षक-कर्मचाऱ्यांना बडतर्फ करू. ऐकायला बरं वाटतं. पण बडतर्फ होणारा बहुधा खडूवालाच असतो, कारण सापडतो तोच. आणि केंद्र रद्द केलं की पुढच्या वर्षीच्या, ज्यांनी काही केलं नाही अशा पोरांना वीस किलोमीटरवर पेपरला जावं लागतं. आमच्याकडच्या पोरींना तर घरचे पाठवतच नाहीत.

माझं मत विचाराल तर त्या खोलीतल्या तिघांना तीन शिक्षा हव्यात. हेडमास्तरची खुर्ची जावी आणि निवृत्तीच्या लाभांनाही कात्री लागावी. फायदा त्याचा होता, 'कल्पना नाही' हे त्याचं वाक्यच त्याच्याविरुद्ध पुरावा धरावं. केंद्रसंचालकाला केंद्राची कल्पना नसेल तर तो तिथं कशाला बसला होता? इंग्रजीच्या जुन्या सरांना शिकवण्यातूनच काढावं. वर्षभर जे शिकवलं नाही ते त्यांनी एका तासात सोडवून दिलं, म्हणजे येत होतं आणि दिलं नाही. भूगोलवाल्याला सोडा असं मी म्हणत नाही. वरून सांगितलं म्हणून केलं, हे खरं असलं तरी खडू त्याच्या बोटांत होता. त्याला काही वर्षं परीक्षेच्या कामातून बाद करावं, आणि पोरं-पालकांसमोर उभं राहून मी काय केलं ते सांगायला लावावं. गावात तोंडानं कबूल करणं ही लहान शिक्षा नाही. पण नोकरी ठेवावी, आणि सात वर्षांचा पगार द्यावा. त्याला बिनपगारी राबवणं हाही एक गुन्हाच होता आणि त्याची चौकशी कुणी लावली नाही.

त्याच शाळेत गणिताचे एक सर होते, ते दर मार्चमध्ये आजारी रजा टाकायचे. गाव त्यांना आखडू म्हणायचं. मला त्यांचा आदर आहे, पण अर्धाच. त्यांचे हात स्वच्छ राहिले आणि फळा भरतच राहिला.

भूगोलवाला आता तालुक्याच्या स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान चालवतो. सातबारा, आधार, जातीचे दाखले. मी कधीमधी कागद काढायला जातो तेव्हा चहा पाजतो. एकदा मीच विषय काढला. त्यानं खालच्या खणातून संस्थेचं पत्र काढून दाखवलं. एका ओळीचं. 'आपल्या सेवेची आवश्यकता उरलेली नाही.' म्हणाला, "काका, शिक्षा कळली. कशाबद्दल, ते यात कुठंच लिहिलेलं नाही."

पत्र घडी घालून त्यानं परत खणात ठेवलं आणि माझे कागद मशीनला लावले.